बुडालेल्या गावाची फाइल

भिगवणच्या मावशी आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीला माशांचा वास येत होता. कुणी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "सकाळी मासळीच्या सौद्यावरनं तशीच एसटीत बसले बघ. घरी गेलेच न्हाय." मग पिशवीत हात घालून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट काढली आणि काउंटरवर ठेवली. टॉवेल मात्र स्वच्छ धुतलेला, घडीच्या खुणा असलेला होता.

मी तेव्हा बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला असलेल्या एका फोटो आणि व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात कामाला होते. घर सणसरला. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ऊस लावला, आणि मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला. दुकानाच्या मालकांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचे. शतक संपत आलं होतं. लग्नाच्या कॅसेटवर नवरा-नवरीची नावं फिरत फिरत यावीत, बदामातून त्यांचे चेहरे दिसावेत, अशी लोकांची मागणी असायची. त्यासाठी आबांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला मला ठेवलं होतं. कॅसेट व्हीसीआरमध्ये लावायची, तिच्यावरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, तिथं कापाकापी करून, नावं टाकून पुन्हा नव्या कॅसेटवर भरायचं, असं ते काम होतं.

मावशींची कॅसेट लग्नाची नव्हती. त्यांचं मूळ गाव उजनीच्या धरणात गेलेलं. त्या वर्षी उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की जुन्या गावाच्या पायऱ्या, देवळाचा चौथरा, घरांचे पाये सगळं उघडं पडलं. पुनर्वसनात गेलेली माणसं तिथं बघायला जमली. मावशी भिगवणला मासळीचा धंदा करायच्या आणि हायवेला त्यांची छोटी खानावळ होती, त्यामुळे ओळखीपाळखी दांडग्या. त्यांनी आबांना कॅमेरा घेऊन बोलावलं होतं. मावशींचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ते त्या वाळलेल्या गाळातून काठी टेकत चालले होते आणि एकेक पाया दाखवून घर कुणाचं ते सांगत होते. आबांनी ते सगळं टिपलं, कॅसेट मावशींना दिली, आणि विषय संपला.

"मग आता काय करायचं मावशी ह्याचं?" आबांनी विचारलं.

"कापी काढायच्यात. आमच्या गावची जेवढी घरं हायत तेवढ्या. आणि खाली अक्षरात लिवायचं, हे घर ह्याचं, हे घर त्याचं. पोरांना वाचता आलं पायजे." मग त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "तात्यांची वाचा गेली आबा. श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं बी गेलं. आता जे काय बोललेत ते ह्याच्यातच हाय."

मी कॅसेट हातात घेतली तेव्हा नकळत दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी चित्र उतरवायला बसले. एक अखंड मोठी फाइल करायची नाही, तुकडे करायचे, हे मला शिकवलेलं होतं. त्याप्रमाणे तुकडे होत गेले. नदीपात्र, देवळाचा चौथरा, पायऱ्यांवर बसलेल्या बायका. शेवटच्या तुकड्यात तात्यांची गल्ली होती. मी हेडफोन लावून ऐकत होते. "हितं आमचा उंबरा. ह्यो आमच्या म्हशीचा गोठा. आन ह्या अंगाला..." तात्या एकेक घर सांगत गल्लीच्या टोकाला पोचले, एवढ्यात लाइट गेली.

यूपीएसची बॅटरी आधीच मरणाला टेकलेली. एक बीप करून तीही गप्प झाली. दुकानात अंधार, पंखा थांबलेला, आणि व्हीसीआरच्या पोटात कॅसेट अडकलेली. लाइट आल्यावर व्हीसीआरनं आधी घरघर केली आणि मग जो आवाज आला तो ऐकून आबा आतल्या खोलीतून धावत आले. व्हीसीआरनं टेप खाल्ली होती. आबांनी झाकण उघडून बोटांनी हळूहळू ती सोडवली. चुरगळलेल्या, दुमडलेल्या, काही ठिकाणी ताणून दोऱ्यासारख्या झालेल्या टेपचा तो गुंता त्यांनी काउंटरवर पसरला. पुढचं मागचं ठीक होतं. गेला होता तो नेमका तात्यांच्या गल्लीचा भाग.

"कॉम्प्युटरात आलंय ना?" आबांनी विचारलं.

"आलं असणार," मी म्हणाले. "लाइट जायच्या आतलं तरी."

ते फोल्डर मी उघडायला गेले. खिडकी उघडली, फाइलींची नावं एकेक करून दिसायला लागली, प्रत्येक नावाशेजारी त्या व्हिडिओतलं एक छोटं चित्र उमटू लागलं. कॅसेटवरचं चित्र उतरवायला कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं कार्ड घेताना त्याच्यासोबत आलेल्या सीडीमुळे ही सोय झाली होती आणि मला तिचं फार कौतुक होतं. पहिलं चित्र आलं, दुसरं आलं, आणि मग वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. पडद्यावर एक करड्या रंगाचा चौकोन आला, त्यात लिहिलं होतं की ह्या प्रोग्रॅमनं काहीतरी बेकायदेशीर केलं आहे आणि तो बंद करण्यात येत आहे. खिडकी गेली. तिच्यासोबत बाकीच्या खिडक्या गेल्या, खालची पट्टी गेली, पडद्यावरची सगळी चित्रं गेली. उरला तो नुसता निळा पडदा. थोड्या वेळानं पट्टी परत आली, जसं काही झालंच नाही.

मी पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मशीन चालू होत होतं, बाकी सगळं दिसत होतं, पण त्या एका फोल्डरच्या दारात पाय ठेवला की सगळं कोसळत होतं.

आबांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो एक घाईतला, चांगला माणूस होता, गावात त्याच्याएवढी माहिती असलेले फार कमी. त्यानं दोनदा ते कोसळणं पाहिलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे. ते दोन हजार सालचं जे म्हणतात ना, त्यातलाच. फॉरमॅट मारावं लागेल."

"फॉरमॅट मारलं तर आतलं?" आबांनी विचारलं.

"आतलं जाणार. पण मशीन नव्यासारखं होईल."

त्यानं पिशवीतून सीडी काढली. मी खुर्चीवरून उठलेच नाही. मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, काय करायचं नाही एवढंच ठाऊक होतं. "आबा, मला एक फोन करू द्या," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. "उद्या या तुम्ही," ते म्हणाले. "पोरीला काय बघायचंय ते बघू दे." कॉम्प्युटरवर त्या दुकानाची बरीच कामं अडली होती आणि लग्नसराई तोंडावर होती. तरी ते असं म्हणाले. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी कामं केली, पण आपल्या यंत्रापुढं आपल्याच नोकराला असं बसू देणारा मालक मला क्वचित भेटला.

फोन मी केला तो माझ्या कॉम्प्युटरच्या बाईंना. त्या वालचंदनगरच्या कॉलनीत राहायच्या आणि शनिवार-रविवारी बारामतीला क्लास घ्यायला यायच्या. मला जे काही येत होतं ते त्यांनी शिकवलेलं. समोरच्या एसटीडी बूथवरून मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. सांगताना माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण त्या म्हणाल्या, "आधी श्वास घे. आता मला सांग, दुसरं फोल्डर उघडलं तर कोसळतं का?"

"नाही बाई."

"मग कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. खिडकीलाही झालेलं नाही. ती आत डोकावून प्रत्येक फाइलचं चित्र काढायला जाते आणि एखादी फाइल तिला वाचता येत नाही, म्हणून पडते. ते चित्र काढणंच बंद पाडायचं. आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावर जा. तिथं कुणी डोकावत नाही, फक्त नावं दिसतात. आणि हे बघ, त्या डिस्कवर नवीन काहीही भरू नकोस. एक गाणंसुद्धा नाही."

मी धावत परत आले. काळा पडदा उघडला आणि कोर्सात पाठ केलेली आज्ञा टाइप केली. फाइलींची नावं खालून वर सरकत गेली. सगळ्या होत्या. शेवटची, तात्यांच्या गल्लीची, तीही होती आणि तिचा आकार चांगला मोठा दिसत होता. मी आबांना हाक मारून दाखवलं. त्यांना त्या पांढऱ्या अक्षरांतलं काही कळत नव्हतं, पण ते माझ्या पाठीमागे उभे राहून म्हणाले, "हाय ना? मग झालं."

मग मी एकेक फाइल घेत गेले. काळ्या पडद्यावर जाऊन तिला दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची, परत येऊन ते नवं फोल्डर उघडायचं, खिडकी टिकते का बघायचं. पहिली टिकली, दुसरी टिकली. पायऱ्यांवरच्या बायका हसत होत्या. शेवटची फाइल हलवली आणि खिडकी कोसळली. मग मी फक्त तिच्या नावाचं शेपूट बदललं, व्हिडिओ असल्याची खूण देणारी ती शेवटची तीन अक्षरं काढून दुसरीच टाकली. आता खिडकीला ती व्हिडिओ आहे हे कळेना, त्यामुळे ती डोकावायच्या भानगडीत पडेना. फोल्डर शांतपणे उघडलं. सगळ्या फाइली ओळीनं बसलेल्या दिसल्या, आणि शेवटी ती एक, चेहरा नसलेली.

मला इतका आनंद झाला की मी आबांना पेढे आणा म्हणाले. ते म्हणाले, "अगं पण ती चालती का?"

चालत नव्हती. शेपूट परत लावून व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर तो प्रोग्रॅमही पडला. बाईंना परत फोन केला. त्यांनी फाइलचा आकार विचारून घेतला. मग म्हणाल्या, "लाइट गेली तेव्हा फाइल अर्धवट राहिली. व्हिडिओच्या शेवटी एक अनुक्रमणिका लिहिली जाते, कुठलं चित्र कुठं आहे याची. ती लिहायच्या आधीच मशीन बंद पडलं. चित्रं आत असतील, पण ती शोधायची कशी हे कुणालाच कळत नाही. माझ्याकडं एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो अशी अनुक्रमणिका नव्यानं बनवतो. पण तुझी फाइल फ्लॉपीत मावणारी नाही. ह्या रविवारी क्लास नाहीये माझा. सीपीयूच घेऊन ये इकडं."

म्हणजे कॉम्प्युटरची पेटीच उचलून वालचंदनगरला न्यायची. आबा एका शब्दानंही नाही म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतः वायरी सोडवल्या, पेटीला घरची गोधडी गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. त्याच संध्याकाळी मावशींचा फोन आला. त्यांना सांगणं भाग होतं. मी टेप कशी खाल्ली गेली ते सांगितलं, फाइलचं सांगितलं. पलीकडे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. मावशी म्हणाल्या, "लाइटीला तू काय करणार बाय? जा तू. आन जेवून जा." मला त्या रागावतील असं वाटत होतं. त्या जेवणाचं बोलल्या.

रविवारी सकाळी आबांनी मला स्टँडवर सोडलं. कंडक्टरनं गोधडीकडं बघून विचारलं, "काय हाय त्यात?"

"कॉम्प्युटर."

"मांडीवरच ठेवा मग. टपावर न्हाय द्यायचा." आणि त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवून मला तिथं बसवलं. बारामती-इंदापूर रस्ता त्या काळात खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला मी ती पेटी छातीशी धरायचे. सणसरला वडील गाडीत चढले. मी त्यांना निरोप पाठवला होता. त्यांनी काही न विचारता पेटी माझ्याकडून घेतली आणि वालचंदनगरपर्यंत दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले. उतरल्यावर ती त्यांनी खांद्यावर टाकली नाही, हातावरच घेतली. लहानपणी नुकतं जन्मलेलं कोकरू ते तसंच आणायचे.

बाईंचं क्वार्टर कौलारू होतं, पुढं पेरूचं झाड. कॉलनीत लाइट क्वचितच जायची, म्हणूनही त्यांनी तिकडं बोलावलं होतं. वडिलांना त्यांनी ओसरीत खुर्ची दिली, चहा दिला आणि मला आत नेलं. टेबलावर त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं झाकण उघडलं आणि आतली हार्ड डिस्क काढून आमच्या पेटीत जोडायला घेतली.

"बाई, तुमची कशाला काढता?"

"आधी प्रत घ्यायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तुमच्या डिस्कवर जागा नाही आणि तिथं काही लिहायचंही नाही. माझ्यावर घेऊ." त्यांच्या डिस्कवर त्यांच्या क्लासचं सगळं काम होतं. ते त्या बोलल्या नाहीत, मला माहीत होतं.

प्रत व्हायला फार वेळ लागला. तेवढ्यात बाईंनी आम्हाला जेवायला वाढलं. वडील लाजत लाजत जेवले. जेवताना त्यांनी बाईंना विचारलं, "ह्या पेटीत म्हाताऱ्याचा आवाज हाय म्हणत्यात. निघंल का?"

"आहे की नाही ते अजून मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "असला तर काढू."

मला त्यांचं हे आवडायचं. त्या कधी उगाच धीर देत नसत.

प्रत झाली. बाईंनी आपला छोटा प्रोग्रॅम चालवला. तो सुरू झाला आणि लगेच थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला. मग त्यांनी फाइल दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये उघडली. त्यात चित्रं नव्हती, नुसते अंक आणि अक्षरं, ओळीच्या ओळी. शेजारी त्यांनी धडधाकट असलेली आदली फाइल तशीच उघडली. दोन्हींच्या सुरुवातीकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे बघ. चांगल्या फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की चित्र किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती चित्रं, आवाज कसला. तुझ्या फाइलमध्ये हे रिकामंच आहे. सगळी शून्यं. हेही शेवटी भरलं जात असणार. अनुक्रमणिका करायला तो प्रोग्रॅम आधी हे वाचतो, आणि इथं वाचायला काही नाही."

त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे मिटले. मी त्या दोन खिडक्यांकडं बघत राहिले. दोन्ही फाइली मी एकाच बैठकीत केल्या होत्या. तीच कॅसेट, तेच कार्ड, काहीही बदललं नव्हतं. ते बोलावं की नाही मला कळेना. चुकलं तर हसू होईल. शेवटी मी म्हणाले, "बाई, आदल्या फाइलचं हे पुढचं ह्याला लावलं तर? दोन्ही सारख्याच आहेत ना. रुंदी, उंची, सगळं तेच."

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची सोडून उठल्या. "बस इथं," त्या म्हणाल्या. "तूच कर."

त्यांनी सांगितलं तसं मी आदल्या फाइलचा पुढचा भाग उचलला आणि प्रतीच्या सुरुवातीला बसवला. घाईघाईत तो एकदा भलतीकडंच बसला. बाई म्हणाल्या, "प्रत आहे ती. बिघडली तर दुसरी घेऊ." दुसऱ्यांदा नीट बसला. मग प्रोग्रॅम चालवला. या वेळी तो थांबला नाही. पडद्यावर एक आकडा वाढत चालला, सापडलेल्या चित्रांचा. वडील दारात येऊन उभे राहिले होते.

प्रोग्रॅम संपला. बाईंनी नवी फाइल उघडली.

वाळलेला, भेगाळलेला गाळ दिसला. काठी दिसली. मग तात्या दिसले, पांढरा फेटा, उन्हामुळं बारीक केलेले डोळे. आणि आवाज आला. "हितं आमचा उंबरा. ह्यो आमच्या म्हशीचा गोठा. आन ह्या अंगाला लोहाराचं. त्येच्या पल्याड गुरवाचं..." त्यांच्या पाठीमागून वारा वाहत होता आणि कॅमेऱ्यात त्याचा खरखराट भरला होता. वडील दारातूनच म्हणाले, "बोलतुया की!"

आम्ही हसलो. मी हसता हसता रडायला लागले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

पुढं एक गंमत झाली. तात्या गल्लीच्या टोकाला पोचले, वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि एकदम बँड वाजू लागला. पडद्यावर घोड्यावर बसलेला नवरदेव आला. आम्ही तिघंही चक्रावलो. मग मला तो नवरदेव ओळखू आला. इंदापूरच्या एका लग्नाचं काम मी आधी केलं होतं आणि ते डिस्कवरून पुसलं होतं. बाई हसून म्हणाल्या, "चित्र उतरवणारा प्रोग्रॅम सुरू होतानाच डिस्कवर मोठी जागा धरून ठेवतो. लाइट गेली तिथपर्यंत तात्या, त्याच्या पुढं त्या जागेत जे जुनं पडलं होतं ते. पुसलेलं लगेच जात नसतं." त्या नवरदेवाला आम्ही कापून टाकलं. तात्यांचं शेवटचं वाक्य तेवढं गेलं. ते मात्र कुठंच सापडलं नाही.

परत निघायची वेळ झाली. कोर्समध्ये आभार मानायची पद्धत नव्हती. मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्या म्हणाल्या, "ते राहू दे. कुणी असंच काही घेऊन आलं तर त्याला फॉरमॅट मार म्हणू नकोस, एवढं कर." आणि वडिलांना त्यांनी झाडाचे पेरू दिले.

कॅसेटची पहिली प्रत तयार झाली तेव्हा आबा आणि मी ती घेऊन भिगवणला गेलो. मावशींच्या खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. मागच्या पडवीत टीव्ही लावला. तात्यांना खाटेवर उशी देऊन बसवलं होतं. आजूबाजूच्या पुनर्वसनातली दहा-पंधरा माणसं जमली होती, काही त्याच गल्लीतली. मी अक्षरं टाकली होती, तात्या जसजसं सांगतात तसतसं खाली घराचं नाव यायचं.

टीव्हीवर तात्या बोलू लागले आणि खाटेवरचे तात्या ऐकू लागले. पडवीत कुणी हललं नाही. मावशी दाराच्या चौकटीला टेकून पदराला हात पुसत उभ्या होत्या, खरं तर हात कधीच कोरडे झाले होते.

"आन ह्या अंगाला लोहाराचं," टीव्हीतले तात्या म्हणाले.

खाटेवरच्या तात्यांनी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर जोरात थापटलं. तोंडातून एक मोठा, बिनअक्षरी आवाज काढला. सगळे दचकले. मावशी धावल्या. "काय झालं तात्या? दुखतंय का?" त्यांनी मान जोरजोरात हलवली आणि टीव्हीकडं बोट दाखवलं. मला वाटलं आपण त्यांना दुखावलं. आबांनी कॅसेट थांबवली. जरा मागं नेली आणि पुन्हा लावली. "आन ह्या अंगाला लोहाराचं." तात्यांनी पुन्हा थापटलं आणि हात आडवा हलवला, नाही नाही म्हणत.

कोपऱ्यातली एक म्हातारी एकदम म्हणाली, "अगं बया, खरंच की! लोहाराचं तितं कुठं? लोहाराचं वरच्या अंगाला. तितं तर सुताराचं व्हतं!"

तात्यांनी दोन्ही डोळे मिटून मान डोलावली. आणि मग हसले, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसले. ते स्वतःवरच हसत होते. उन्हात, एवढ्या माणसांपुढं, कॅमेऱ्यासमोर ते चुकले होते आणि तेव्हापासून ते त्यांच्या मनात खुपत असणार. सांगायची सोय उरली नव्हती. पडवीत एकच कल्ला झाला. जो तो बोलू लागला, सुताराच्या दारातली बाभळ, लोहाराच्या भात्याचा आवाज, कुणाची गाय कुणाच्या परड्यात शिरायची. तात्या हातानं हो, नाही, पुढं, मागं असं दाखवत होते आणि सगळे त्यांना विचारत होते. मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. "एवढ्या महिन्यांत त्यांना कुणी काय इचारलंच नव्हतं बघ," त्या म्हणाल्या. "जेवलात का, झोपता का, एवढंच आमी इचारतो."

मग त्यांनी मला पुन्हा एकदा सगळी कॅसेट लावायला सांगितली. मी घरामागून घर थांबवत गेले आणि तात्यांना विचारत गेले, "हे बरोबर हाय का?" ते मान हलवत गेले. आणखी एका ठिकाणी चूक निघाली. गल्लीच्या टोकाशी, जिथं त्यांचं वाक्य तुटलं होतं, तिथं मी विचारलं, "तात्या, इथं तुम्ही काय म्हणाला होतात?" त्यांनी पुष्कळ वेळ प्रयत्न केला. हातानं गोल काढला, मग वर दाखवलं, मग खाली. कुणाला ते विहीर वाटलं, कुणाला पार. दोन्हींना त्यांनी नाही म्हटलं. शेवटी तेच थकले आणि त्यांनी हात सोडून दिला. ते आम्हाला कधी कळलं नाही.

दुकानात परतल्यावर मी सगळी अक्षरं पुन्हा टाकली. तात्यांचा आवाज लोहाराचं म्हणतो आणि खाली सुताराचं लिहून येतं. आबा म्हणाले, लोक म्हणतील ह्या पोरीनं चूक केली. मी म्हणाले, म्हणू देत.

मावशींनी त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हातानं काटे काढलेला मासा वाढला होता, लहान मुलाला वाढतात तसा. आज बाई कुठं असतात मला ठाऊक नाही. कॉलनी सोडून त्या मुलाकडं गेल्या एवढं कानावर आलं. आबांचं दुकान त्यांचा पुतण्या बघतो. मी पुढं बरीच वर्षं लोकांच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायचं काम केलं, अजूनही करते. कुणीतरी घाबरून, धावत पळत येतं, म्हणतं सगळं गेलं. मी त्यांना आधी बसायला सांगते, पाणी देते आणि विचारते, दुसरं फोल्डर उघडतं का?